पांढरीची नोंद : खान्देशातील प्राचीन स्थळांनी शिकवलेले दहा धडे

तापी, गिरणा, पांझरा, बोरी, कान, गोमाई. खान्देशातल्या या नद्यांच्या काठाने फिरताना काळ्याभोर रानात मध्येच एखादा पांढुरका उंचवटा दिसतो. माती भुसभुशीत, तिच्यात राख, हाडांचे तुकडे आणि पावलागणिक खापरे. गावकरी त्याला पांढरी म्हणतात. पूर्वी धाब्याच्या घरांवर टाकायला ही माती नेत, आता शेतात टाकायला ट्रॅक्टरने नेतात. चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती अशी ट्रॉलीमागून ट्रॉली भरून निघून जाते आणि तिची साधी नोंदही कुठे राहत नाही.

धुळ्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नोकरी केली. तिथे खान्देशच्या पुरातत्त्वावरचे लेखन हाताळताना एक गोष्ट सतत जाणवायची. आपल्या भागाबद्दल लिहिले गेले आहे, चांगले लिहिले गेले आहे, पण सगळे विखुरलेले आहे. उत्खननाचा अहवाल दिल्लीत छापलेला, वस्तू पुण्यात, शिलालेखाचे वाचन एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी ग्रंथात, मंदिराचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये आणि गावातली आठवण म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. या सगळ्यांना एकत्र बांधण्याचे साधन म्हणून मला लिंक्ड ओपन डेटाची ओळख झाली.

त्याचा अर्थ अवघड नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये त्याचे नियम मांडले. प्रत्येक वस्तूला, स्थळाला, माणसाला इंटरनेटवर एक कायमचा पत्ता द्यायचा. त्या पत्त्यावर तिची माहिती माणसाला आणि संगणकाला, दोघांनाही वाचता येईल अशी ठेवायची. आणि त्या माहितीतून इतर पत्त्यांकडे दुवे द्यायचे. ही माहिती कुणालाही विनामूल्य वापरता आली की ती खुली झाली. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हे त्याचे सर्वांना उपलब्ध असलेले रूप. काही शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या साथीने आम्ही खान्देशातली स्थळे तिथे नोंदवत गेलो. त्या कामाने जे शिकवले ते इथे मांडते.

१. आधी पांढरीवर जावे

संगणकावर बसून नोंद करता येते, पण स्थळ न पाहता केलेली नोंद कच्चीच राहते. उन्हाळ्यात, नांगरट झालेली आणि पेरणी व्हायची असताना जावे. रान मोकळे असते आणि नांगराने वर आणलेली खापरे दिसतात. नदी किती लांब आहे, उंचवटा किती उरला आहे, कोणत्या बाजूने माती उचलली गेली आहे, नदीने काठ कापला असेल तर त्या कापात थर दिसतात का, एवढे टिपावे. खापरांचा फोटो जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून घ्यावा आणि खापर होते तिथेच ठेवावे. उचलून घरी नेलेले खापर आपला पत्ता हरवून बसते.

आणि गावातल्या जाणत्यांशी बोलावे. साक्री तालुक्यात एका बाबांनी मला बांधावर उभे राहून सांगितले, “ताई, आठे पयले गाव व्हतं, आते नुसती पांढरी शे.” कोणत्याही अहवालात न आलेली गोष्ट होती ती. गाव कुठून उठले, कुठे जाऊन बसले, जुन्या जागेवरचा देव अजून कोण पुजते, हे सांगणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहून ठेवणे हे या कामाचे पहिले पान आहे.

२. नावाआधी क्रमांक

आपल्याकडे शेतीचा कागद वाचता येणाऱ्या कुणालाही ही गोष्ट लगेच कळते. सातबाऱ्यावर गट क्रमांक पक्का असतो. मालक बदलतात, वारसाची नावे लागतात, फेरफार होतात, क्रमांकावरून जमीन ओळखली जाते. स्थळाचेही तसेच. विकिडेटावर प्रत्येक स्थळाला क्यू या अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि नावे त्या क्रमांकाला चिकटतात.

खान्देशात याची गरज फार आहे. चाळीसगाव तालुक्यातले पाटणे घ्या. जुन्या इंग्रजी लेखनात ते पाटणा आणि पाटण अशा दोन्ही रूपांत येते. इंटरनेटवर तेवढ्याच नावाने शोधले की बिहारची राजधानी समोर येते. साक्री तालुक्यातल्या, कान नदीकाठच्या कावठ्याचा अहवाल इंग्रजीत काओठे अशा वर्णलेखनाने छापलेला आहे, आणि कवठे, कावठे, कौठे या नावांची गावे महाराष्ट्रभर पसरली आहेत. प्रकाशेला कुणी प्रकाशा लिहितो, कुणी प्रकाश. बळसाणे म्हटले की आज बहुतेकांना तिथले जैन तीर्थ आठवते. त्याच गावातला मध्ययुगीन मंदिरांचा समूह ही वेगळी नोंद आहे. क्रमांक एकदा दिला की ही सगळी रूपे पर्यायी नावे म्हणून त्याच्याखाली लिहिता येतात, आणि कोणत्याही नावाने शोधणारा योग्य जागी पोहोचतो. जनगणनेतला गावाचा क्रमांकही जोडला तर सरकारी कागदांशी नाते जुळते.

३. जिल्हा लिहावा तो तारखेसह

प्रकाशे तापी आणि गोमाई यांच्या संगमावर आहे. आपल्याकडे त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बा. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंतच्या वस्तीचा क्रम उलगडला. तापीच्या खोऱ्याचा प्राचीन इतिहास मांडताना आजही या क्रमाचा आधार घ्यावा लागतो.

पण प्रकाशे कोणत्या जिल्ह्यात? उत्खनन झाले तेव्हा पश्चिम खान्देशात. पुढे जिल्ह्याचे नाव धुळे झाले, तेव्हा धुळे जिल्ह्यात. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून नंदुरबारात. त्याही आधी, १९०६ पर्यंत, पूर्व आणि पश्चिम असा भेदच नव्हता. सगळा मिळून एकच खान्देश जिल्हा होता, आणि १८८० चे खान्देश गॅझेटियर त्या अखंड जिल्ह्याचे आहे. चारही उत्तरे आपापल्या काळापुरती खरी आहेत.

विकिडेटावर प्रशासकीय विभागाचा गुणधर्म पी १३१ या क्रमांकाचा आहे. तिथे एकाहून अधिक किंमती देता येतात आणि प्रत्येकीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा लावता येतात. प्रकाशेच्या नोंदीत हे सगळे टप्पे लिहिले, की जुना अहवाल वाचणारा विद्यार्थी पश्चिम खान्देश शोधत आला तरी, आणि आजचा अधिकारी नंदुरबारची यादी काढत बसला तरी, दोघांनाही प्रकाशे सापडते. मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेवच्या मंदिराचेही असेच. तापी-पूर्णा संगमाजवळचे हे मंदिर जुन्या कागदांत एदलाबाद तालुक्यात आहे.

४. एक गाव म्हणजे एक स्थळ नव्हे

हा धडा पाटण्याने दिला आणि या कामातला सर्वांत मोठा आनंदही त्यानेच दिला.

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या या गावात शां. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले. तिथे उत्तर पुराश्मयुगाचे थर मिळाले आणि त्या थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. एका कवचावर तर आडव्या-तिरप्या रेषांची जाळी कोरलेली आहे. कार्बन पद्धतीने या कवचाचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे निघाले. म्हणजे आपल्या चाळीसगावच्या शिवारात तेव्हा शहामृग होते आणि त्यांच्या कवचावर हात चालवणारा माणूसही होता. भारतातल्या कलेच्या सर्वांत जुन्या खुणांमध्ये या तुकड्याची गणना होते.

त्याच परिसरात चंडिकादेवीचे, म्हणजे पाटणादेवीचे, मंदिर आहे. आणि इथल्याच शके ११२८ च्या शिलालेखाने गणिताच्या इतिहासाला मोठा पुरावा दिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. भास्कराचार्यांचे सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव या भावांनी त्या मठाला दान दिले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील सांगणाऱ्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला आणि कीलहॉर्न यांनी त्याचे वाचन एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात छापले.

आता हे सगळे ‘पाटणे’ या एकाच नोंदीत कोंबले तर काय होईल? काळ कोणता लिहायचा, पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा की तेराव्या शतकाच्या आरंभीचा? प्रकार कोणता, अश्मयुगीन स्थळ की मंदिर? म्हणून आम्ही गाव वेगळे, अश्मयुगीन स्थळ वेगळे, मंदिर वेगळे, शिलालेख वेगळा अशा स्वतंत्र नोंदी करण्याचा नियम ठेवला. मग ‘च्या ठिकाणी आहे’, ‘चा भाग आहे’ अशा नात्यांनी त्या एकमेकींना जोडायच्या. शिलालेखाच्या नोंदीतून चांगदेवाकडे, चांगदेवाकडून भास्कराचार्यांकडे, भास्कराचार्यांकडून लीलावतीच्या जगभरच्या भाषांतरांकडे दुवा जातो. गणिताचा इतिहास शोधणारा परदेशातला अभ्यासकही त्या दुव्यांवरून चालत चाळीसगावच्या एका गावात येऊन पोहोचतो. विखुरलेले ज्ञान एकत्र येणे म्हणजे काय, ते इथे डोळ्यांना दिसते.

आणि डोंगर ओलांडला की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. ती कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात. जिल्ह्याच्या यादीत पाटणे आणि पितळखोरे कधीच शेजारी येत नाहीत. नकाशावर आणि दुव्यांमध्ये ती शेजारीच आहेत.

५. दोन काठ मिळून एक वस्ती

चाळीसगाव तालुक्यातच गिरणेकाठी बहाळ आहे. म. न. देशपांडे यांनी १९५०च्या दशकात तिथे उत्खनन केले. बहाळला माणसांची वस्ती मिळाली, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर, टेकवाड्याला, ताम्रपाषाणयुगातली दफने. राहण्याची जागा अलीकडे आणि मृतांना पुरण्याची जागा पलीकडे, अशी ही जोडी आहे.

आजच्या महसुली नोंदींत ती दोन वेगळी गावे आहेत. कुणी फक्त बहाळ नोंदवले तर वस्ती कळते, त्या माणसांनी आपल्या मृतांना काय दिले ते कळत नाही. फक्त टेकवाडे नोंदवले तर दफने निराधार वाटतात. म्हणून दोन्ही नोंदींमध्ये परस्परांचा दुवा लागतो आणि त्या दुव्याला देशपांड्यांच्या अहवालाचा आधार लागतो. इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिकात हे उत्खनन आले आहे. १९५३-५४ पासूनची ही वार्षिके खान्देशाच्या कुणाही अभ्यासकाने चाळायलाच हवीत. गावच्या गावे त्यांत एकेका ओळीत पडून आहेत, आणि ती एक ओळ नोंद उभी करायला पुरते.

६. विधान म्हटले की साक्षीदार

“हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले.” “ही वस्ती पाच हजार वर्षांपूर्वीची.” अशी वाक्ये गावोगाव ऐकू येतात आणि फलकांवरही रंगवलेली असतात. श्रद्धेचा मान राखून ती लोककथा म्हणून नोंदवावीत. पण काळाच्या रकान्यात बसायचे असेल तर कुणी म्हटले, कशाच्या आधारे म्हटले आणि कुठे छापले, हे सांगता आले पाहिजे. विकिडेटावर प्रत्येक विधानाखाली संदर्भाची जागा असते. ती रिकामी सोडलेली नोंद मी पूर्ण मानत नाही.

अभ्यासकांचे मत एकच असते असेही नाही. तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने ओळखली जाणारी सावळदा संस्कृती घ्या. तिच्या मातीच्या भांड्यांवर बाणाची टोके, मासे पकडायचे गळ अशी हत्यारे-अवजारे रंगवलेली दिसतात. नदीकाठी शिकार आणि मासेमारी करणाऱ्या माणसांनी आपल्या हातातली अवजारेच भांड्यांवर काढली असावीत. या संस्कृतीचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सन पूर्व दोन हजारच्या आसपास धरतात, पण तिचा आरंभ किती मागे न्यायचा यावर मतभेद आहेत. साळी यांनी दायमाबादच्या उत्खननात ती सर्वांत खालच्या थरात पाहिली. कावठ्याला डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी उत्खनन केले. त्याचा अहवाल १९९० मध्ये आला. कावठ्याला या एकाच संस्कृतीची वस्ती होती, म्हणून तिथला पुरावा इतर काळांच्या थरांत मिसळलेला नाही.

अशा वेळी एकाची बाजू घेऊन दुसरे पुसू नये. वेगवेगळी मते आपापल्या संदर्भासह लिहावीत. कागदी कोशात संपादकाला एक आकडा निवडावा लागतो, इथे वाचकाला वादच समोर ठेवता येतो. जगभरच्या कालखंडांच्या व्याख्या गोळा करणारा पिरिअडो हा प्रकल्प याच तत्त्वावर उभा आहे. तिथे ‘ताम्रपाषाणयुग’ असे मोघम लिहीत नाहीत. कोणत्या लेखकाने, कोणत्या प्रदेशासाठी, कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंत हा शब्द वापरला तेही लिहितात.

७. छापील आधार नसेल तर आधी छापावे

शेतात दिसलेली पांढरी कोणत्याच अहवालात नसेल तर? विकिडेटा हे नवे संशोधन जाहीर करण्याचे ठिकाण नाही. तिथे आधीच प्रसिद्ध झालेले आणायचे असते. मग आपल्या वहीतली माहिती अडून राहते का? राहत नाही. ती आधी छापावी.

या बाबतीत धुळ्याइतके भाग्यवान गाव शोधून सापडणार नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस इथे गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी इथेच देह ठेवला. लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून खंडांमागून खंड छापली. निष्कर्षाच्या आधी मूळ कागद लोकांसमोर ठेवायचा ही त्यांची रीत होती. आज आपण ज्याला खुला डेटा म्हणतो, त्याचा गाभा तोच आहे. मंडळाचे संशोधक हे त्रैमासिक आहे, इतर संशोधन पत्रिका आहेत, महाविद्यालयांची वार्षिके आहेत. दोन पानांचे टिपण, एक नकाशा आणि खापरांचे चांगले फोटो एवढे छापून आले की ते संदर्भ म्हणून उभे राहते. मग त्यावरून नोंद करावी.

८. वस्तू एकीकडे, माती एकीकडे

उत्खननात मिळालेली वस्तू त्या गावात फार क्वचित राहते. पाटण्याचे कवच, कावठ्याची भांडी, प्रकाशेची खापरे पाहायला गावच्या मुलांना आपला जिल्हा सोडून जावे लागते. वस्तू परत आणणे आपल्या हातात नसेल, पण वस्तूची नोंद आणि स्थळाची नोंद जोडणे नक्कीच आहे. वस्तूच्या नोंदीत ‘शोधाचे ठिकाण’ आणि ‘सध्याचे संग्रहालय’ असे दोन रकाने असतात. ते भरले की प्रकाशेच्या शाळेतला मुलगा आपल्या गावाच्या नोंदीवरून आपल्या वस्तू कुठे आहेत ते शोधू शकतो.

नाण्यांच्या बाबतीत जगाने हे आधीच करून दाखवले आहे. नोमिस्मा या प्रकल्पाने टांकसाळी, राजे, धातू, नाण्यांचे प्रकार यांना कायमचे पत्ते दिले आणि निरनिराळ्या देशांतल्या संग्रहालयांनी आपल्या याद्या त्या पत्त्यांना जोडल्या. ग्रीक-रोमन जगासाठी प्लीआडीस हा स्थळकोश आहे. २००० साली छापलेल्या बॅरिंग्टन अॅटलासच्या पायावर तो उभा राहिला आणि आज हजारो प्राचीन स्थळे त्यात आहेत. भूमध्य समुद्राकाठचे छोटेसे खेडेही तिथे सापडते. खान्देशातल्या नदीकाठांना तेवढेच दाट भरून काढायला आपल्याशिवाय दुसरे कुणी येणार नाही.

९. खुले म्हणजे सगळे उघडे नव्हे

या मुद्द्यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. गुप्तधनाच्या नादाने मंदिरांची जोती उकरली जातात, वीरगळ उलथवले जातात, पांढरीत रात्री खड्डे पडतात. राखण नसलेल्या पांढरीचे नेमके अक्षांश-रेखांश जाहीर करणे म्हणजे अशा माणसांना वाट दाखवणे आहे.

आमचा नियम सरळ आहे. केंद्र किंवा राज्य सरकारने संरक्षित केलेले आणि ज्याची जागा सर्वांना माहीत आहे असे स्मारक असेल, तर पी ६२५ या रकान्यात नेमकी जागा द्यावी. चांगदेवचे मंदिर, लळिंगचा किल्ला यांची जागा लपवून काही साधत नाही. उघड्यावरची, अपरिचित पांढरी असेल तर फक्त गावापर्यंतच यावे. नेमकी जागा वहीत ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावी. नाणी, दागिने अशी मौल्यवान वस्तू जमिनीत सापडलीच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. शेतमालकाची परवानगी घेतल्याशिवाय बांधावर पाऊल ठेवू नये आणि त्याचे नाव कुठेही लिहू नये.

हक्कांचेही भान हवे. विकिडेटावर टाकलेली माहिती कुणालाही कशासाठीही वापरता येते. म्हणून दुसऱ्या नकाशावरून आकडे उचलू नयेत. ओपनस्ट्रीटमॅप खुला आहे, पण त्याच्या अटी वेगळ्या आहेत. आपल्या मोबाईलवर स्वतः घेतलेले अक्षांश-रेखांश सर्वांत स्वच्छ. फोटो स्वतः काढलेला असावा आणि विकिमीडिया कॉमन्सवर खुल्या परवान्याने टाकावा. सरकारी प्रकाशनांचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे १८८० चे गॅझेटियर आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाची सुरुवातीची वार्षिके आज निर्धास्त वापरता येतात.

१०. नोंद मराठीत, आणि प्रश्न विचारता येईल अशी

खान्देशातल्या स्थळांची नावे विकिडेटावर आधी इंग्रजीत येतात आणि मराठीची जागा रिकामी राहते. ती आधी भरावी. मराठी नाव, एका ओळीचे मराठी वर्णन, आणि पर्यायी नावांत गावात चालणारी अहिराणी रूपेही. मराठीत लिहिलेली नोंद सहावीतल्या मुलीला वाचता येते, आणि क्रमांक तोच असल्याने जर्मन किंवा जपानी अभ्यासकही त्याच नोंदीपाशी पोहोचतो.

या सगळ्या खटाटोपाचे फळ प्रश्न विचारल्यावर कळते. जोडलेल्या माहितीला संगणक असे प्रश्न विचारू देतो : तापीच्या खोऱ्यात ताम्रपाषाणयुगाची किती स्थळे नोंदलेली आहेत? त्यांपैकी १९६० पूर्वी कुठे उत्खनन झाले? कोणत्या स्थळांचा अहवाल आला आणि कोणत्यांचा नाही? चाळीसगाव तालुक्यातले कोणते शिलालेख यादवकाळातले? शेवटच्या प्रश्नाला पाटण्याबरोबर वाघळीचेही उत्तर येते. तिथल्या शके ९९१ च्या लेखात मौर्य वंशाचा गोविंदराज आणि यादव सेउणचंद्र ही नावे आहेत. ग्रंथालयात यासाठी पुस्तकांचे ढीग उपसावे लागत. नोंदी नीट जोडलेल्या असल्या तर उत्तर लगेच मिळते, आणि प्रत्येक उत्तराखाली कोणत्या ग्रंथात पाहायचे तेही असते. ज्या प्रश्नाला उत्तर येत नाही, तिथे नोंद करायची राहिली आहे हेही त्यातूनच कळते. आमच्या पुढच्या फेऱ्या अशाच रिकाम्या जागांवरून ठरतात.

खान्देशातल्या शिक्षकांना, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना, गावच्या तरुण मंडळांना माझी एकच विनंती आहे. आपल्या गावाजवळची एक पांढरी, एक मंदिर, एक बारव किंवा एक वीरगळ घ्या. तिचे गावात चालणारे नाव, तालुका, स्वतः काढलेला फोटो, ती कोणत्या ग्रंथात किंवा अहवालात आली आहे ते, आणि ती आज कोणत्या स्थितीत आहे ते लिहा. एका दुपारचे काम आहे. पांढरी ट्रॅक्टरने उचलून नेली जाते त्याहून हे काम वेगाने व्हायला हवे. उचलून गेलेल्या पांढरीची नोंद नंतर कुणालाही करता येत नाही.